स्पोर्ट्‌स कारसाठी फायबरग्लासची सबवूफर पेटी: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

स्पोर्ट्‌स कारच्या डिकीत सपाट आणि चौकोनी अशी जागा जवळजवळ नसतेच. चाकांच्या कमानी आत आलेल्या असतात, तळाशी बॅटरी किंवा जॅक ठेवण्याचा खळगा असतो आणि बाजूच्या पत्र्याला बाक असतो. अशा ठिकाणी एमडीएफची (लाकडी तंतूंच्या दाबीव फळीची) तयार पेटी ठेवली, की निम्मी डिकी अडते आणि कोपरे मात्र रिकामेच राहतात. फायबरग्लासची पेटी नेमकी या वाकड्या कोपऱ्यांत भरून बसते, म्हणूनच एवढा खटाटोप करण्याला अर्थ आहे. गाडीत सरळ भिंतींची पुरेशी जागा असेल, तर हा लेख इथेच मिटवून लाकडी पेटी करावी. ती स्वस्त पडते, लवकर होते आणि आवाजात कुठेही कमी नसते.

पुढील मार्गदर्शन एका १२ इंची सबवूफरसाठी (खोल बास वाजवणाऱ्या स्पीकरसाठी), बंद म्हणजे पोर्ट (हवा ये-जा करण्याची नळी) नसलेल्या पेटीसाठी आणि पॉलिएस्टर रेझिनच्या, म्हणजे हार्डनर घातल्यावर कडक होणाऱ्या द्रवाच्या कामासाठी आहे. पद्धत थोडक्यात अशी: डिकीतच मॅट आणि रेझिनने पेटीच्या तळाचा साचा घ्यायचा, त्यावर स्पीकरची रिंग उभी करायची, दोन्हींवर कापड ताणायचे आणि मग भिंती थरांनी जाड करायच्या. पहिल्या पेटीला पोर्ट ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याचे कारण दुसऱ्या पायरीत येईल.

१. जागा निश्चित करा

डिकी पूर्ण रिकामी करा, अस्तर काढा आणि उघड्या पत्र्यावर टेपने पेटीची सीमारेषा आखून घ्या. त्या रेषेच्या आत काय काय झाकले जाणार आहे, हे एकेक करून तपासा: बॅटरी, फ्यूजची डबी, जॅक, टो हूक, मागच्या दिव्यांचे बल्ब बदलण्याची झडप आणि डिकी आतून उघडण्याची आपत्कालीन कळ. यांपैकी काहीही कायमचे बंद होता कामा नये. इंजिन मधोमध असलेल्या गाडीत सीटच्या मागची भिंत तापते, त्यामुळे तिला चिकटून पेटी करायचीच असेल तर उष्णतारोधक थरासाठी जागा सोडावी लागते.

नवख्यांची सर्वांत मोठी फसगत याच पायरीत होते आणि कळते मात्र फार उशिरा. कोनाड्याचे तोंड अरुंद आणि पोट रुंद असेल, तर त्यात घेतलेला साचा कडक झाल्यावर बाहेर निघत नाही. म्हणून पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवून पेटीचा ढोबळ नमुना करा आणि तो न वाकवता आत घालून पुन्हा बाहेर काढून पाहा. कोनाड्यातून निघालेली वस्तू डिकीच्या तोंडातूनही निघाली पाहिजे. जिथे ती अडकते तिथला खोलगट भाग रेझिन लावण्यापूर्वी स्पंजने भरून टेपने सपाट करावा; दोन लिटर जागा गेली तरी चालते.

२. आकारमानाचा हिशेब करा

प्रत्येक चांगल्या सबवूफरच्या माहितीपत्रकात थील-स्मॉल मापे दिलेली असतात. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांच्या कामावरून हे नाव पडले. त्यांतली तीन मापे आपल्याला लागतात: स्पीकरची मोकळी अनुनाद वारंवारता एफएस, त्याचा एकूण क्यू (अनुनाद किती तीव्र आहे याचे माप) म्हणजे क्यूटीएस, आणि त्याच्या लवचिकतेशी समतुल्य हवेचे आकारमान व्हीएएस. पेटीत बसल्यावर जो क्यू मिळतो त्याला क्यूटीसी म्हणतात आणि तो ०.७०७ असला की प्रतिसाद कुठेही उंचवटा न येता सर्वांत सपाट राहतो.

गणित असे: हव्या असलेल्या क्यूटीसीला क्यूटीएसने भागा, उत्तराचा वर्ग करा, त्यातून १ वजा करा आणि आलेल्या संख्येने व्हीएएसला भागा. समजा क्यूटीएस ०.४५, व्हीएएस ४० लिटर आणि एफएस ३० हर्ट्‌झ आहे. ०.७०७ भागिले ०.४५ म्हणजे १.५७, त्याचा वर्ग २.४७, त्यातून १ वजा केल्यावर १.४७ आणि ४० भागिले १.४७ म्हणजे सुमारे २७ लिटर. पेटीतली अनुनाद वारंवारताही त्याच १.५७ पटीने वाढून ४७ हर्ट्‌झच्या आसपास येते.

आता याच स्पीकरची पेटी चुकून २२ लिटरची झाली, तर क्यूटीसी ०.७६ होतो, जो फरक कानाला जेमतेम जाणवेल. बंद पेटी एवढी चूक पोटात घालते. पोर्टच्या पेटीत मात्र आकारमान आणि पोर्टची लांबी यांवर पेटी कोणत्या वारंवारतेला घुमेल ते ठरते आणि फायबरग्लासच्या वेड्यावाकड्या आकारात दोन-तीन लिटरची चूक सहज होते. शिवाय छोट्या केबिनचा बंद पेटीला एक फायदा मिळतो. ध्वनीची अर्धी तरंगलांबी केबिनच्या लांबीपेक्षा मोठी झाली, की त्याखालच्या वारंवारतांना केबिनच उठाव देते. दोन मीटरच्या केबिनमध्ये ही सीमा साधारण ८६ हर्ट्‌झला येते. बंद पेटीचा आवाज खाली जाताना ज्या उताराने कमी होतो, तो उतार यामुळे बराचसा भरून निघतो.

मिळालेल्या आकड्यात स्पीकरच्या मागच्या भागाने व्यापलेली जागा मिळवा. ती माहितीपत्रकात असते. त्यावर आणखी दहा टक्के धरा, कारण पुढे कापड ताणताना जागा नेहमी कमीच होते.

३. साहित्य आणि अवजारे

मॅट म्हणजे काचेच्या धाग्यांची चादर; ती तुकड्या धाग्यांची, प्रति चौरस मीटर ४५० ग्रॅम वजनाची घ्यावी. तिचा एक थर सुमारे एक मिलिमीटर जाडी देतो. तीस लिटरच्या वाकड्या पेटीचा पृष्ठभाग पाऊण चौरस मीटरच्या आसपास भरतो. सहा थर धरले तर साडेचार चौरस मीटर, म्हणजे दोन किलो मॅट लागते. रेझिन मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट लागते; त्यात कापड पिते ते आणि वाया जाणारे मिळवले, तर सहा-सात किलो आणावे.

रेझिनचे दोन प्रकार मिळतात. मेण नसलेल्या रेझिनचा पृष्ठभाग हवेत चिकट राहतो आणि त्यावर पुढचा थर थेट धरतो. मेण असलेले रेझिन कोरडे होते, पण पुढच्या थराआधी ते घासावेच लागते. थरांसाठी पहिले आणि अगदी शेवटच्या हातासाठी दुसरे वापरावे.

बाकीची यादी:

– एमईकेपी, म्हणजे रेझिन कडक करणारा हार्डनर, आणि तो मोजण्यासाठी मिलिलिटरच्या खुणांची सिरिंज
– १८ मिलिमीटर एमडीएफ, लाकडी दांडके, लाकडाचा गोंद, गरम गोंदाची बंदूक
– ताणले जाणारे फ्लीस कापड आणि स्टेपल गन
– मास्किंग टेप, अ‍ॅल्युमिनियम फॉइल, साच्याचे रिलीझ वॅक्स (साचा चिकटू न देणारे मेण), जाड प्लास्टिकचा कागद
– स्वस्तातले ब्रश आणि हवा काढण्याचा खाचांचा धातूचा रोलर
– जिगसॉ, वर्तुळ कापण्याच्या जोडासह राउटर, ड्रिल
– बॉडी फिलर म्हणजे लांबी, आणि ८०, १२०, १८० व ३२० नंबरचे पॉलिश पेपर
– अ‍ॅसिटोन, नायट्राइलचे हातमोजे, बंद चष्मा, सेंद्रिय वाफांच्या काडतुसांचा मास्क

४. जिवाला जपण्याचे नियम

रेझिनचा उग्र वास स्टायरिनचा असतो आणि धुळीसाठीचा कागदी मास्क त्याला अजिबात अडवत नाही. वाफांची काडतुसे असलेलाच मास्क लागतो. एमईकेपीचा एक थेंब डोळ्यात गेला तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते, त्यामुळे बाटली उघडण्याआधी चष्मा चढवावा. काही रेझिनमध्ये कोबाल्टचे प्रवेगक वेगळे मिसळावे लागते. ते आणि एमईकेपी एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, कारण त्यातून स्फोट होऊ शकतो. नवख्याने प्रवेगक आधीच मिसळलेले रेझिन मागून घ्यावे.

भांड्यात उरलेले, हार्डनर घातलेले रेझिन स्वतःच तापते आणि धूर सोडू लागते. ते कचऱ्याच्या डब्यात न टाकता उघड्यावर, अ‍ॅसिटोनपासून दूर, थंड होईपर्यंत ठेवावे.

५. गाडी झाकून घ्या

स्टायरिन गाडीच्या रंगाला लागते आणि रेझिन उघड्या पत्र्याला असे धरते, की सुटताना रंग घेऊनच सुटते. ज्या स्पोर्ट्‌स कारचा सांगाडा किंवा बॉडीच फायबरग्लासची आहे, तिथे तर रेझिन अंगाचाच भाग होऊन बसते. १९५३च्या पहिल्या शेव्हरले कॉर्व्हेटपासून अशा गाड्या बनत आल्या आहेत, तेव्हा आपली गाडी त्यांतली आहे का, हे आधी पाहून घ्या.

पत्र्यावर मास्किंग टेपचे दोन थर एकमेकांना छेद देत लावा. त्यावर फॉइल शक्य तितके सुरकुत्यांविना चिकटवा, फॉइलच्या जोडांवर पुन्हा टेप लावा आणि मग रिलीझ वॅक्सचे तीन-चार हात द्या. प्रत्येक हात वाळल्यावर पुसून घ्यायचा. टेप पेटीच्या आखलेल्या सीमेपुरती न लावता तिच्या बाहेर निदान वीतभर न्या. उरलेली डिकी, बंपर, सीट आणि डिकीचे रबर प्लास्टिकच्या कागदाने झाका. ओघळ नेहमी न झाकलेल्या जागीच जातो.

६. तळाचा साचा घ्या

हवा १८ ते २८ अंशांच्या दरम्यान आणि कोरडी असताना हे काम करावे. गारठ्यात रेझिन नीट कडक होत नाही आणि मग हार्डनर वाढवण्याचा मोह होतो. हार्डनरचे प्रमाण एक ते दोन टक्के असते, म्हणजे एका लिटरला १० ते २० मिलिलिटर. उत्पादकाने दिलेल्या मर्यादेबाहेर ते नेऊ नये. एका वेळी अर्ध्या लिटरपेक्षा जास्त रेझिन कालवू नका. उथळ, रुंद भांड्यात ते जास्त वेळ टिकते, उंच ग्लासात स्वतःच्या उष्णतेने लवकर थिजते.

मॅट हाताएवढ्या तुकड्यांत आधीच फाडून ठेवा. कात्रीने कापलेली कड जोडावर उंचवटा करते, फाटलेली कड मात्र शेजारच्या तुकड्यात विरून जाते. आधी फॉइलवर ब्रशने रेझिनचा हात द्या, त्यावर तुकडा ठेवा आणि ब्रश न ओढता टोचत राहा. काही सेकंदांत पांढरी मॅट करडी होते, धाग्यांना धरून ठेवणारा बंधक स्टायरिनमध्ये विरघळतो, तुकडा अचानक ढिला पडून कोपऱ्यात बसतो आणि खालच्या फॉइलची चमक आरपार दिसू लागते. हीच ती खूण. यानंतर आणखी रेझिन ओतल्याने बळकटी वाढत नाही, फक्त वजन वाढते. पांढरा राहिलेला ठिपका म्हणजे कोरडी मॅट किंवा अडकलेली हवा, ती रोलरने कडेकडे ढकलून बाहेर काढा.

गाडीत दोन थर पुरेसे आहेत. दुसरा थर पहिला घट्ट होत असतानाच, पण त्याचा ताप ओसरल्यावर द्या. चार-पाच थर एका दमात दिले, तर उष्णता साठून साचा वाकतो आणि खालची टेपही भाजते. काम संपल्यावर डिकी उघडी ठेवून किमान २४ तास साचा आहे तिथेच राहू द्या. पॉलिएस्टर रेझिन कडक होताना आक्रसते. घाईने काढलेला साचा बाहेर येऊन आकार बदलतो आणि मग परत त्याच जागी बसत नाही.

७. साचा काढा, कड कापा

कडेखाली प्लास्टिकची पाचर घालून हळूहळू सुटे करत जा. फॉइल साच्याला चिकटून आले तरी हरकत नाही, नंतर सोलता येते. कड कापण्याची उत्तम वेळ रेझिन थिजल्यावर पण दगड होण्याआधी येते, तेव्हा ती जाड चामड्यासारखी सुरीने कापली जाते. ती वेळ हुकली तर जिगसॉ, मास्क आणि भरपूर धूळ. या धुळीने अंगाला खाज सुटते, म्हणून लांब बाह्यांचे कपडे घाला आणि नंतर आधी गार पाण्याने अंग धुवा.

बाहेर काढलेल्या साच्यात आतून आणखी चार थर द्या. प्रत्येक दोन थरांनंतर तो गाडीत ठेवून बसतो की नाही ते पाहा.

८. स्पीकरची रिंग उभी करा

१८ मिलिमीटर एमडीएफच्या दोन रिंगा गोंदाने एकावर एक चिकटवा. आतले छिद्र माहितीपत्रकातल्या मापाचे आणि बाहेरचा व्यास स्पीकरच्या चौकटीपेक्षा थोडा मोठा असावा. रिंगेच्या कडेवर पॉलिश पेपर फिरवून तिला रेझिनचा एक पातळ हात द्या, नाहीतर एमडीएफ पुढच्या थरातले रेझिन शोषून घेते.

साचा गाडीत ठेवा आणि दांडक्यांचे तुकडे गरम गोंदाने लावून रिंग हव्या त्या कोनात उभी करा. स्पीकर रिंगेत ठेवून तीन गोष्टी पाहा: मागच्या चुंबकामागे निदान तीन सेंटीमीटर मोकळी जागा आहे का, समोर स्पीकरचा कोन (पुढे-मागे हलणारा शंकूसारखा पडदा) पूर्ण बाहेर आला तरी कशाला लागत नाही ना आणि डिकीचे झाकण बंद होते का. झाकण बंद करून पाहण्याचा कंटाळा करू नका. आतल्या बाजूला बिजागरीचा दांडा कुठवर येतो, हे उघड्या डिकीत दिसत नाही.

९. कापड ताणा

फ्लीस रिंगेवर टाकून साच्याच्या कडेपर्यंत सर्व बाजूंनी ताणा आणि रिंगेच्या मागच्या बाजूला व साच्याच्या बाहेरच्या कडेला स्टेपल मारा. जिथे स्टेपल बसत नाही तिथे झटपट गोंद वापरा. समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून घेतल्या तर सुरकुत्या राहत नाहीत.

ताणलेले कापड दोन टेकूंमध्ये सरळ रेषेतच जाते, किंबहुना मधोमध थोडे आत ओढले जाते. मनातल्या चित्रात पेटी गोल फुगीर असते, प्रत्यक्षात ती खपाटीला गेलेली निघते, आणि आकारमान इथेच घटते. फुगवटा हवा असेल तिथे आतून दांडक्याचा किंवा पातळ प्लायच्या कमानीचा टेकू द्या. थर्माकोल वापरू नका. पॉलिएस्टर रेझिनमधले स्टायरिन त्याला विरघळवून टाकते.

समाधान झाल्यावर कापड रेझिनने पूर्ण भिजवा, त्याचा रंग सगळीकडे सारखा गडद दिसेपर्यंत. पातळ झालेला ओघळ खाली जमत नाही ना, हे अधूनमधून पाहत राहा. पूर्ण कडक होईपर्यंत पेटी हलवू नका.

१०. भिंती जाड करा

नुसते भिजलेले कापड पेटी म्हणून निरुपयोगी आहे. १२ इंची कोनाचे क्षेत्रफळ सुमारे ४८० चौरस सेंटीमीटर असते; तो १५ मिलिमीटर आत गेला, की पाऊण लिटरच्या जवळपास हवा दाबतो. २७ लिटरच्या पेटीत त्यामुळे दाब सुमारे ३.७ किलोपास्कलने वाढतो, म्हणजे तीस सेंटीमीटर चौरस भिंतीवर ३० किलोहून अधिक जोर येतो आणि ४० हर्ट्‌झच्या सुरावर तो सेकंदाला चाळीस वेळा आत-बाहेर होतो. पातळ भिंत या जोराने फुगते, थरथरते आणि बास फुसका लागतो.

म्हणून कापडाच्या बाहेरून दोन-तीन आणि रिंगेच्या छिद्रातून हात घालून आतून तितकेच थर द्या. आत हात घातला की काही दिसत नाही, त्यामुळे छोटे तुकडे आधी पुठ्ठ्यावर भिजवून मग चिकटवा. तळाचा साचा आणि कापड जिथे मिळतात त्या सांध्यावर, तसेच रिंगेच्या मागच्या कडेवर एकेक जादा थर हवाच. पेटी फाटते ती याच जागी. वक्र भिंत मुळात ताठ असते, खरी काळजी सपाट भागांची. बोटाच्या पेराने टकटक करा. बद्द आवाज आला तर ठीक, ढोलकीसारखा घुमला तर आतून दांडक्याचा आडवा टेकू बसवून त्यावर मॅट चढवा.

११. आकारमान आणि हवाबंदी तपासा

पेटीत प्लास्टिकची मोठी पिशवी कोपऱ्यांपर्यंत पसरून मोजलेले पाणी भरा, स्पीकरची जागा वजा करा आणि दुसऱ्या पायरीतल्या आकड्याशी ताडून पाहा. थोडे कमी भरले तर पॉलिएस्टरचा मोकळा कापूस हलक्या हाताने भरावा. त्यामुळे पेटी स्पीकरला थोडी मोठी भासते. जास्त भरले तर आत लाकडी ठोकळे चिकटवता येतात.

मग तारांचे टर्मिनल सीलंट लावून बसवा, स्पीकर गॅस्केट टेपवर तात्पुरता आवळा आणि कोन दोन्ही तळव्यांनी समान दाबून सोडा. तो सावकाश परत आला तर पेटी हवाबंद आहे. झटकन परत आला तर कुठेतरी गळती आहे. सांध्यांवर साबणाचे पाणी लावून कोन पुन्हा दाबा, बुडबुडे जागा दाखवतील.

१२. लांबी, घासकाम आणि अंतिम रूप

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि त्यात लपवाछपवी चालत नाही. ८० नंबरने उंचवटे उतरवा, लांबीचे पातळ हात द्या आणि लांब, सपाट ठोकळ्यावर पेपर गुंडाळून तिरके घासा. नुसत्या बोटांनी घासले तर खड्डेच पडतात. नंतर १२० व १८०. घासण्याआधी पृष्ठभागावर काळ्या स्प्रेचा विरळ शिडकावा केला, की खोलगट जागी काळे राहते आणि कुठे लांबी हवी ते आपोआप कळते. रंग द्यायचा असेल तर प्रायमरनंतर ३२० पर्यंत जा. दोन घटकांच्या प्रायमरमध्ये अनेकदा घातक आयसोसायनेट असते, ते काम रंगाच्या बूथमध्ये करून घेणे श्रेयस्कर. कार्पेट लावायचे असेल तर १२० वर थांबा. पहिल्या पेटीला मी कार्पेटच सुचवतो, ते बारीकसारीक लहरी झाकून टाकते.

१३. गाडीत बसवा आणि तारा जोडा

स्पीकरसह पेटीचे वजन २५ किलोच्या घरात जाते. धडकेत गाडीचा वेग गुरुत्वाच्या वीसपट मंदनाने कमी झाला, तर ती ५०० किलोच्या वजनाइतक्या जोराने पुढे येईल, आणि दोन सीटच्या गाडीत पुढे तुमची पाठ असते. त्यामुळे वेल्क्रोवर भागवू नका. तळात मॅटच्या थरांखाली पोलादी पट्ट्या गाडून त्यांत एम८चे बोल्ट घ्या आणि ते पत्र्याच्या मजबूत भागाला किंवा मूळ बोल्टच्या जागी आवळा. नवे छिद्र पाडण्याआधी गाडीखाली जाऊन इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि तारा कुठून जातात ते डोळ्यांनी पाहा.

दोन व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची वेटोळी) असलेल्या स्पीकरमध्ये चार-चार ओहमच्या कॉइल समांतर जोडल्या तर दोन ओहम, एकामागोमाग जोडल्या तर आठ ओहम होतात. अ‍ॅम्प्लिफायर दोन ओहमला स्थिर आहे का ते आधी पाहून मगच समांतर जोडणी करा. मुख्य तारेचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत असावा आणि तार पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रॉमेट बसवावा.

सुरुवातीला आवाज कमी ठेवून २५ ते ८० हर्ट्‌झचा चढता सूर वाजवा. ज्या वारंवारतेवर काही खडखडेल, ती जागा हाताने दाबत शोधा. बहुतेक वेळा पेटी निर्दोष असते आणि खडखडणारी वस्तू नंबर प्लेट किंवा डिकीच्या झाकणाचे अस्तर असते, ज्याला मागून फोमची पट्टी लावली की पुरते. आठवडाभर गाडी चालवल्यावर स्पीकरचे स्क्रू आणि पेटीचे बोल्ट एकदा पुन्हा आवळून घ्या, कारण गॅस्केट आणि कार्पेट दबल्याने ते थोडे ढिले झालेले असतात.